विषय ठरेपर्यंत

ता. १४ डिसेंबर १८८७, बुधवार. कळवे.

मॅट्रिक पास! दुसऱ्या खेपेला. पहिली खेप मी धरत नाही, तेव्हा मला ताप होता. (ताप बारीक होता, पण होता.)

मिठागरात राबणाऱ्या आमच्या आगरी लोकांत या खाडीकाठी मॅट्रिक झालेला मीच पहिला. म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ काळुराम, डोंबिवलीकडचा, तोही याच वेळी पास झालाय. पण तो कसा पास झाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. त्याला धरायचं कारण नाही.

तीर्थरूपांनी आळीभर गूळ वाटला. कॉलेजात पाठवीन म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कसंसंच झालं.

आजपासून रोजनिशी. शास्त्रात जाणाऱ्या माणसाने रोज लिहावं. एक दिवसही चुकवायचा नाही.

ता. १८ डिसेंबर.

तीन दिवस चुकले. पाहुणे.

काल खाडीपलीकडे नौपाड्यात कर्णिक मास्तरांकडे गेलो. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत यांनीच मला शिकवलं. आता पेन्शन घेऊन ओटीवर बसतात. त्यांनी मुंबईच्या एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना माझ्याबद्दल लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलंय. जागा आहे, राहायची सोय आहे, जानेवारीअखेर हजर व्हायचं. निघताना मास्तर पायरीवर म्हणाले, काय व्हायचंय ते मनाशी ठरव बाबा, म्हणजे सुखाने शिकशील.

हे वाक्य रस्ताभर घोळवलं. अर्थ सरळ आहे. विषय ठरल्याशिवाय मुंबईत पाऊल टाकायचं नाही. आमच्या आगरातही हेच. आधी वाफ्याची जमीन पायांनी चोपून चोपून पक्की करायची, मग बांधातल्या उघाडीची फळी उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं. कच्च्या जमिनीवर पाणी घेतलं की सालभर काळं मीठ, मग बसा बोंबलत. कॉलेज वेगळं कसं असेल? मास्तर आगरी नाहीत म्हणून त्यांना हे नीट मांडता आलं नाही, इतकंच.

पंधरा दिवसांत विषय ठरवतो. जास्तीत जास्त.

ता. २१ डिसेंबर.

अडचण अशी आहे.

उन्हं तापू लागली की मीठ धरायच्या आधी तीन-चार दिवस वाफ्यातलं पाणी तांबडं होतं. विटेसारखं तांबडं. का होतं? तीर्थरूप म्हणतात, होतं. आजा म्हणायचा, होतं. बायजा, माझी बायको, म्हणते, तांबडं झालं की समजायचं मीठ आलं, आनखी काय पायजे. मला पाहिजे. गेली पाच सालं मी वहीत तारीख मांडतोय. पाणी कोणत्या दिवशी तांबडं झालं, वारा कुठला होता, आदल्या दिवशी ढग होते का. या पाच पानांइतकं खरं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

आता यासाठी कॉलेजात काय शिकायचं? मास्तरांच्या कपाटातली पुस्तकं चाळली. पाण्यात काही विरघळलं असेल तर केमिस्ट्री. बारीक शेवाळ असेल तर बॉटनी. किडा असेल तर झूऑलॉजी. गाळाचा रंग असेल तर जिऑलॉजी. उन्हाचा खेळ असेल तर फिजिक्स. बारा हातांचा वाफा आणि त्यात पाच शास्त्रं! चूक शास्त्रांचीच आहे. आपसात वाटण्या केल्या तेव्हा त्यांनी आमचं आगर बघितलंच नव्हतं.

फार थकवा आला. दुपारी झोपलो.

ता. २४ डिसेंबर.

बायजाने माझी पेटी भरली. कांबळं, तांब्या, दोन धोतरं, नवा अंगरखा, सोडे-सुकट बांधून. मी म्हटलं अजून विषय ठरलेला नाही. ती म्हणाली, पेटीला काय करायचाय विषय?

पावसाळ्यानंतर खोली घेऊन तिला मुंबईला न्यायचं मी कबूल केलंय. तिने ते अख्ख्या आळीला सांगून टाकलंय. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचा इतक्या फुटल्यात की रात्री तेल लावताना दात आवळते. मुंबईत तिला काय बघायचंय म्हणून विचारलं. तर म्हणाली, काय नाय, पाय सुके ठेवून बसायचंय.

तिला नेणारच. हे ठरलेलं आहे. विषय तेवढा राहिलाय.

ता. २ जानेवारी १८८८.

पंधरा दिवस झाले. पण मध्ये नाताळ होता. (आम्ही करत नाही, पण सरकार करतं.)

काळुराम आला. डोक्यावर गाठोडं, मुंबईला त्याच कॉलेजात निघालेला. विचारलं, कोणता विषय घेणार? म्हणे, जाऊन बघतो. जाऊन बघतो! मी त्याला अर्धा तास विषय निवडण्याचं महत्त्व समजावलं. तेवढ्यात त्याने चार भाकऱ्या आणि कालचं कालवण संपवलं. मग हात पुसून म्हणाला, चल ना रे नाथा माझ्यासंगती, दोघं असलो म्हणजे बरं पडंल. मला त्याची कीव आली. अशीच पोरं फुकट जातात. खाडीच्या पुलापर्यंत पोचवायला गेलेलो. वळून वळून हात करत होता.

ता. ७ जानेवारी.

आज पद्धतशीर काम. मोठ्या कागदावर रकाने आखले. उभ्या ओळीत विषय, आडव्या ओळीत गुण: आवड, उपयोग, प्रतिष्ठा, तांबड्या पाण्याशी संबंध. डॉक्टरी आणि इंजिनेरीही घेतली, कोणावर अन्याय नको. प्रत्येकाला शंभरपैकी मार्क दिले. बेरीज केली.

केमिस्ट्री ६१. बॉटनी ६१. झूऑलॉजी ६१. जिऑलॉजी ६१. फिजिक्स ६१. डॉक्टरी ५८, इंजिनेरी ५८.

म्हणजे डॉक्टरी आणि इंजिनेरी बाद. एका दिवसात दोन विषय संपवले. प्रगती उत्तम आहे.

आई विचारत होती की एवढा थोरला कागद मिळाला कुठून. मासळीच्या टोपल्यांना लावायला हवा होता तिला.

ता. १५ जानेवारी, रविवार.

लिहावंसं वाटत नाही, पण नियम तो नियम.

परवा अमावास्या झाली. आज भर दुपारचं मोठं उधाण. सालभराचं पाणी याच उधाणाला मोठ्या तळ्यात भरून घेतात, तिथून मग वाफ्यांत. तीर्थरूपांनी मला उघाडीवर उभं केलं. काम एवढंच, पाणी चढेस्तोवर फळी उचलून धरायची आणि भरती फिरली की टाकायची. बाकी सगळे बांधावर.

फळी धरून उभा असताना मला सुचलं की भरती चंद्रामुळे येते, तर ती फिजिक्समध्ये मोडेल की ज्योतिषात? ज्योतिष म्हणजे सहावा विषय! मी रकान्यांत तो धरलाच नव्हता. कुठे बसवावा याचा विचार करत होतो. तेवढ्यात बांधावरून ओरडा झाला. पाहतो तर तळ्यातलं निम्मं पाणी आल्या वाटेने खाडीत चाललेलं.

तीर्थरूप धावत आले. त्यांनीच फळी टाकली. मला वाटलं मारतील. मारलं नाही. गुडघ्यावर हात टेकून बराच वेळ धापा टाकत होते. मग म्हणाले, पानी कंच्या शास्त्रातलं ते मागून बघ पोरा, आधी फळी टाकायची. आता पुनवेच्या उधाणापर्यंत निम्म्या पाण्यावर बसायचं.

खूप वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांचे पाय चेपले. ते झोपल्यावर ज्योतिषाचा रकाना आखला. त्यालाही ६१ पडले.

ता. १९ जानेवारी.

हे कोणाला सांगायचं नाही. (रोजनिशी म्हणूनच लिहितो.)

गावदेवीला कौल लावला. तसा माझा विश्वास नाही. पण सहा विषय समसमान असतील तर निवड कशानेही केली तरी सारखीच, हे गणिताने सिद्ध होतं. देवीच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गणू भगताने विचारलं, काय विचारायचंय? मी म्हटलं, मनात आहे. मनात धरलं: बॉटनी घेऊ का?

उजवी पडली. ताबडतोब.

पण वारा होता! उजव्या बाजूचं दार सताड उघडं. अशा प्रयोगाला शास्त्रात किंमत नाही. मी भगताला म्हटलं, दार लावून परत लाव. भगत भडकला. म्हणाला, कौल आवडला नाय म्हनून फिरून लावायचा नसतो, देवी काय तुझी नोकर हाय? नारळ तसाच ठेवून आलो.

बॉटनीबद्दल आता मनात अढी बसली आहे.

ता. ३० जानेवारी.

उद्या मुदत. सकाळी मास्तरांकडे निघालो. सोबत शंकांचा कागद, एकूण अकरा शंका. ओटीवर मास्तर डुलकी घेत होते. वडीलधाऱ्या माणसाला उठवणं बरं नव्हे. तासभर मासुंदा तळ्याच्या काठी बसलो. परत गेलो तर जेवायला बसलेले. जेवत्या माणसाला शंका विचारू नयेत. परत आलो.

बायजा दारात उभी होती. काय बोललं मास्तर? मी म्हटलं, घाई करू नको म्हणाले. (डुलकीचा अर्थ तोच होतो.) ती म्हणाली, आवो पन घाई कोन करतंय, म्हैन्याच्या वर पेटी भरून पडलीय. मंग आपन जायाचं कंदी? मी म्हटलं, शास्त्रात कंदी नसतं, कसं असतं.

तिने पेटीतलं कांबळं काढलं. तीर्थरूपांना रात्री बांधावर थंडी वाजते.

ता. ४ फेब्रुवारी.

पुनवेच्या उधाणाला तळं भरलं. मला उघाडीपाशी जाऊ दिलं नाही.

टपालाने काळुरामाचं जाड पत्र आलं. मुंबईचा छाप. काय लिहिलं असेल? बढाया. आपण कोणता विषय घेतला, कसा थाट आहे. किंवा मला सल्ला. ऐन विचाराच्या वेळी असल्या माणसाचं मत कानावर पडलं तर निर्णय नासायचा. दुधात मिठाचा खडा.

ठराव: विषय पक्का होईपर्यंत पत्र उघडायचं नाही. संयम हा शास्त्रज्ञाचा पहिला गुण.

बायजाने विचारलं, दादा काय लिहितो? मी म्हटलं, खुशाल आहे. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. ती म्हणाली, आनि आपल्या जाण्याचं काय? मी म्हटलं, त्यात तसं काही नाही. तिचा चेहरा उतरला. पत्र पेटीच्या तळाला कागदाखाली सरकवलं.

ता. १६ फेब्रुवारी.

ठरलं! केमिस्ट्री! सकाळी उठलो तो डोकं लख्ख. केमिस्ट्री, दुसरं काही नाही. उद्याच निघायचं. मुदत गेली असली तरी खऱ्या विद्यार्थ्याला कोण नाही म्हणेल? आईला सांगितलं, बायजाला सांगितलं. बायजाने कांबळं धुवून परत पेटीत घातलं आणि गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

आई मासळी साफ करताना सहज बोलली की तांबडं पानी झालं की त्यात बारकी बारकी जित्राबं वळवळतात, हातावर घेतली तर दिसतात.

जित्राबं! म्हणजे झूऑलॉजी. इतकी सालं बोलली का नाही? तर म्हणे, तू इचारलंस कवा.

उद्याचं जाणं रहित. बायजाला सांगितलं. ती बरं म्हणाली. नुसतं बरं. यापेक्षा भांडली असती तर सोपं गेलं असतं.

ता. ८ मार्च.

बरेच दिवस लिहिलं नाही. विषयांची नवी वर्गवारी चालू आहे, पहिली मुळातच चुकली होती. आता प्रत्येक विषयाच्या पोटात उपविषय. कागद चौदा झालेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. डोळे चुरचुरतात, मान अवघडते. विचाराचं काम फावड्याच्या कामापेक्षा कठीण असतं हे घरात कोणाला पटत नाही.

दुपारी बायजा आगरातून पळत आली. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली. दारातूनच हाका, चला लवकर, या बघा. मी आठव्या कागदाच्या बेरजेत होतो. म्हटलं, आत्ता नको, हातचा राहील. ती चिखलाच्या पायांनी तशीच आत आली. मग गेली. पावलांचे ठसे चार कागदांवर. त्यामुळे जिऑलॉजी पुन्हा लिहावी लागली.

ता. १२ मार्च.

आज आगरात गेलो. पाणी बघायला.

मीठ धरलेलं. पांढरंशुभ्र. बायका फावड्यांनी ओढून ढीग लावत होत्या. तीर्थरूपांना विचारलं, पाणी तांबडं झालं नाही यंदा? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं. म्हणाले, होऊन गेलं.

तारीख कोणालाच सांगता येत नाही. बायजाला विचारवत नाही.

वहीत यंदाचं पान कोरं आहे. पण एक साल गाळलं तरी अनुमानाला फारशी बाधा येत नाही. पाचाचे सहा झाले असते, एवढंच. दिवसभर काही खाल्लं नाही. पोट बरं नव्हतं.

ता. २१ मार्च.

भिंतीवरच्या फळीवर बाटली सापडली! बायजाने त्या दिवशी माझ्यासाठी तांबडं पाणी भरून ठेवलेलं. तिने ठेवलं आणि बोलली नाही. मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणे, हातचा राहिला असता.

पण बाटली रिकामी. आईने पाहिली, तळाशी मीठ दिसलं, चाखून बघितलं, चांगलं लागलं. मांदेली खारवली. परवा आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली. मी दोनदा मागून घेतलेली.

प्रयोगाची नोंद: चव उत्तम. तांबडेपणा पोटात गेल्याने काही विकार झाला नाही.

ता. ९ एप्रिल.

मास्तरांकडे जायचं टाळत होतो, आज ठाण्यात बाजारात समोरच आले. पळायला वाट नव्हती. मला वाटलं चिडतील. छत्री टेकून उभे राहिले आणि म्हणाले, तू मुंबईला असशील असं मी सगळ्यांना सांगत होतो रे. मी म्हटलं, विषयाचा विचार चालू आहे. ते म्हणाले, कसला विचार? मी सांगायला लागलो. वर्गवारी, उपविषय, रकाने. ते बराच वेळ ऐकत होते. ऊन फार होतं. नाथा, ऊन लागतंय मला, म्हणाले आणि गेले.

माझी पद्धत त्यांना पटली असावी. आक्षेप असा एकही घेतला नाही.

ता. ३ मे.

पेटीतलं कांबळं पुन्हा तीर्थरूपांकडे गेलं, तांब्या आई वापरते. धोतरं मी. सोडे-सुकट संपली. अंगरखा चुलतभावाच्या लग्नात कोणीतरी घालून गेला तो परत आला नाही. पेटी रिकामीच आहे म्हणून बायजाने तिच्यात पेंढा घालून कोंबडी बसवली. अंडी अकरा. मी म्हटलं, ही कॉलेजची पेटी आहे. ती म्हणाली, मग कॉलेजला सांगा एकवीस दिस थांब म्हनून, नायतरी थांबलंयच ते.

हल्ली ती अशी बोलते. आधी नव्हती बोलत.

ता. १० मे.

तीर्थरूपांनी न विचारता काम बघितलं. मीठखात्याच्या चौकीवर लिहिणारा माणूस पाहिजे, मॅट्रिक म्हटल्यावर तिथला दारोगा उठून उभा राहिला म्हणे. पुढल्या महिन्यापासून यायला सांगितलंय.

मी तात्पुरतं हो म्हटलंय. डिसेंबरपर्यंतच. उलट बरं झालं. मिठाच्या जवळ राहून अभ्यास होईल, कॉलेजात काय मीठ असतं? पुढच्या जानेवारीत विषय ठरवूनच जाणार. तीर्थरूपांना हे सांगितलं. ते फावड्याचा दांडा बसवत होते. म्हणाले, हां.

ता. २४ मे, गुरुवार.

पिल्लं निघाली. नऊ.

बायजा पेटी साफ करायला बसली. पेंढा काढला, खालचा कागद काढला, आणि काळुरामाचं पत्र घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. एका कोपऱ्यावर कोंबडीची शीट. लाख जशीच्या तशी.

तिला वाचता येत नाही. पण फोडलेलं आणि न फोडलेलं कळतं. म्हणाली, तुमी तर वाचलं होतं ना? दादा खुशाल हाय म्हनालात.

मी खाली सांडलेला पेंढा गोळा करायला लागलो.

ती म्हणाली, वाचा आता. मोठ्यांदा.

वाचलं. काळुरामाचं अक्षर म्हणजे खेकडे. ता. २ फेब्रुवारीचं. लिहितो की नाथा, इथे आलो, नाव लिहिलं. विषय कोणी विचारलाच नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. पहिली परीक्षा सगळ्यांना सारखीच असते, इंग्रजी, गणित, इतिहास. शास्त्राचे विषय निवडायचे ते मागाहून, तेव्हा कोण जगलं कोण मेलं. मी इथल्या शास्त्राच्या प्रोफेसरसाहेबांना तुझ्या तांबड्या पाण्याचं सांगितलं. मला नीट सांगता आलं नाही, तरी साहेब खुर्चीतून पुढे सरकले. पाच वर्षांच्या तारखा मांडल्यात म्हटल्यावर म्हणाले, त्याचं उत्तर मलाही माहीत नाही, तो पोरगा मला पाहिजे. त्यांनी तुझी जागा पंधरा फेब्रुवारीपर्यंत ठेवायला सांगितली आहे. वही आण. जमलं तर बाटलीत ते पाणी आण. काही ठरवू नको. नुसता ये. बायजाला म्हणावं, इथे फरशा कोरड्या असतात.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

बायजाने विचारलं, पंधरा फेब्रुवारी म्हंजे कवा? मी म्हटलं, केमिस्ट्री ठरली त्याच्या आदल्या दिवशी. तिला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं, घडी करून कनवटीला लावलं. मग पिल्लं टोपल्यात भरायला लागली. एक पेटीच्या कोपऱ्यात अडकलेलं, ते मी काढून दिलं.

चौदाही कागद आईला दिले. टोपल्यांना लावायला.

ता. १ जून, शुक्रवार.

चौकीवर रुजू. निघताना बायजा म्हणाली, सांगतील थितं बसा. मी म्हटलं, मला कळतं.

दारोगा भला माणूस. मॅट्रिकवाला म्हणून मान देतो. म्हणाला, दोन जागा आहेत. एक दाराशी, तिथून काटा दिसतो, पोती मोजायला सोपं. एक खिडकीशी, तिथून समोर अख्खं आगर दिसतं, वारा येतो. कुठे बसता?

खिडकीतून बघितलं. आमचे वाफे दिसत होते. पुढल्या साली पाणी तांबडं होईल ते बसल्या जागेवरून दिसेल. पण दाराशी उजेड जास्त, अक्षर सुधारेल. शिवाय खिडकीत लक्ष विचलित होण्याचा संभव. दोन्ही बाजूंनी बरंच बोलण्यासारखं आहे.

एका दिवसाची मुदत मागितली.

ता. २ जून.

खिडकी. रात्री पडल्या पडल्या ठरवून टाकलं. लवकर निघालो.

पोचलो तेव्हा खिडकीशी विठ्ठलवाडीकडचा दुसरा कारकून चटई टाकून बसला होता. काल संध्याकाळीच रुजू झाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

दाराशी बसलो. दिवसभरात दोनशे बारा पोती.